काळं पाणी, पांढरी झाडं आणि आयर्विन पूल: इन्फ्रारेड फोटोग्राफीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीचा आयर्विन पूल मी काही वर्षांपासून इन्फ्रारेडमध्ये टिपतोय. फोटो कुणालाही दाखवला की ठरलेले प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. उदाहरणं कृष्णाकाठची आहेत, पण पूल तुमच्या गावचा असला तरी फारसा फरक पडणार नाही.

सांगलीत बर्फ कधी पडला?

पडला नाही. पांढरं दिसतंय ते पलीकडच्या मळीतला, म्हणजे नदीकाठच्या रानातला ऊस, काठावरच्या बाभळी आणि गवत.

पानातलं हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश खाऊन टाकतं, हिरवा थोडासा परत पाठवतं, म्हणून पान आपल्याला हिरवं दिसतं. आपल्या डोळ्यांची धाव साधारण ७०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंत. त्याच्या पुढे जो प्रकाश सुरू होतो तो इन्फ्रारेड, शाळेच्या पुस्तकातला अवरक्त. या प्रकाशाशी हरितद्रव्याचं काही देणंघेणं नाही. तो पानाच्या आत शिरतो, आतल्या स्पंजासारख्या पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांच्यावर आपटून चहूकडे विखुरतो आणि जवळपास निम्मा परत बाहेर पडतो. हिरवा प्रकाश परत येतो तो फार तर दहा-पंधरा टक्के. त्यामुळे कॅमेऱ्याने फक्त इन्फ्रारेड बघितलं, तर उसाचा फड चुना मारल्यासारखा उजळतो.

याला वुड इफेक्ट म्हणतात. वुड म्हणजे लाकूड नव्हे. रॉबर्ट वुड नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९१० साली असे फोटो प्रसिद्ध केले, त्याचं हे आडनाव. झाडांचा विषय आणि माणसाचं नाव वुड, हा निव्वळ योगायोग.

म्हणजे हा उष्णतेचा फोटो का? विमानतळावर ताप मोजायला लावतात तसा कॅमेरा?

नाही. तो थर्मल कॅमेरा. त्याची तरंगलांबी ८ ते १४ मायक्रोमीटर (एक मायक्रोमीटर म्हणजे १००० नॅनोमीटर), म्हणजे आपण वापरतो त्याच्या आठपट किंवा त्याहून जास्त. आपला मामला ७०० ते साधारण १००० नॅनोमीटरचा. हा उन्हातलाच प्रकाश आहे, वस्तूवर पडून परत आलेला. रात्री ऊन नाही, म्हणून फोटोही नाही. इन्फ्रारेडचा शोध मात्र उष्णतेवरूनच लागला. १८०० साली विल्यम हर्शेलने लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात थर्मामीटर ठेवले आणि तांबड्याच्या बाहेर, जिथे काहीच दिसत नव्हतं तिथेही पारा चढला.

पाणी आणि आकाश इतकं काळं कसं?

दोघांची कारणं वेगळी. निरभ्र आकाश निळं दिसतं, कारण हवा निळा प्रकाश सगळ्यात जास्त विखुरते. तरंगलांबी वाढली की हे विखुरणं झपाट्याने घटतं, म्हणून इन्फ्रारेडमध्ये आकाशाकडून कॅमेऱ्याकडे फारसं काही येतच नाही. ढगांतले थेंब मोठे, ते सगळंच सारखं विखुरतात, म्हणून ढग पांढरे शुभ्र राहतात. लांबचा धुरकटपणा कमी होतो तोही याच कारणाने. धुकं मात्र हटत नाही. कार्तिकातल्या सकाळी नदीवर बसलेलं धुकं इन्फ्रारेडमध्येही तितकंच दाट.

पाणी इन्फ्रारेड शोषून घेतं. पण हे नितळ पाण्याचं झालं. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णा गाळ घेऊन येते, तेव्हा तो गाळ प्रकाश परत फेकतो आणि नदी राखेच्या पाण्यासारखी करडी येते. पाऊस संपून पाणी निवळलं की हळूहळू काळी होत जाते.

एक गंमत बघण्यासारखी आहे. जलपर्णी साचली की सगळे वैतागतात आणि वैतागावंच, पण ती वनस्पतीच असल्याने इन्फ्रारेडमध्ये काळ्या पाण्यावर पांढरे तराफे तरंगताना दिसतात. फोटो सुंदर येतो आणि बघताना थोडी लाजही वाटते.

पूलच का? नुसती झाडं काय वाईट?

मी सुरुवात झाडांपासूनच केली. आठवडाभर भारी वाटलं, मग सगळे फोटो सारखेच दिसायला लागले. सगळंच पांढरं झालं की नजर कुठे टेकणार?

पूल आला की हिशेब बसतो. चौकटीतली प्रत्येक गोष्ट आपला रंग सोडते: हिरवं पांढरं होतं, निळं काळं होतं, पाणी शाई होतं. दगड तेवढा जागचा हलत नाही. तो साध्या कृष्णधवल फोटोत जसा करडा येतो, जवळपास तसाच इथेही येतो. माझ्या लेखी इन्फ्रारेड चित्रातल्या वस्तूंची दोन गटांत वाटणी करतं, जिवंत आणि निर्जीव, आणि पूल हा त्या चित्रातला एकटा निर्जीव मोठा माणूस.

कमानी असतील तर आणखी एक फायदा. एरवी सावलीत थोडा उजेड येतो तो निळ्या आकाशाचा. इन्फ्रारेडमध्ये आकाशच काळं, त्यामुळे सावली भरून काढायला कुणी नाही. कमानीच्या पोटात गडद काळोख बसतो आणि तिची कड कात्रीने कापल्यासारखी उठून येते. पाणी काळं असलं तरी त्याच्या पृष्ठभागाचा आरसा जात नाही. उलट खालचा गाळ आणि हिरवटपणा दिसायचा बंद होतो आणि प्रतिबिंब स्वच्छ पडतं. वारा पडलेल्या सकाळी अर्धी कमान वर, अर्धी पाण्यात असं पुरं वर्तुळ मिळतं.

आयर्विन पुलाचा फोटो कुठून आणि कधी घ्यायचा?

हा पूल १९२९चा, तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या नावाचा. एका टोकाला सांगली, दुसऱ्या टोकाला सांगलीवाडी. पुराच्या दिवसांत अख्खा जिल्हा या पुलाजवळच्या पाणीपातळीचा आकडा विचारत असतो: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं.

सांगली नदीच्या पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळी सांगलीच्या काठावर उभं राहा. ऊन पाठीमागून येतं आणि पलीकडची झाडी उजळते. दुपारनंतर पुलावरून पलीकडे जा आणि सांगलीवाडीच्या बाजूने घ्या. शेजारच्या समांतर पुलाचे खांब चौकटीत घुसतात, त्यासाठी चार पावलं इकडे-तिकडे सरकावं लागेल.

महिना विचाराल तर ऑक्टोबर. पाऊस उघडलेला, पानं धुतलेली, ऊस डोक्याच्या वर, पाणी निवळत आलेलं आणि आकाशात कापसाचे ढग. नोव्हेंबरही चालतो. भर पावसात नुसता पांढुरका उजेड असतो आणि चित्र बेचव येतं. उन्हाळ्यात काठ वाळलेला असतो, पण चिंच आणि वड तेव्हाही साथ देतात.

आणि उशिरा उठणाऱ्यांसाठी खुशखबर: दुपारी बाराच्या उन्हात बाकीचे फोटोग्राफर कॅमेरे गुंडाळतात, तेव्हा आपलं दुकान जोरात चालतं.

साध्या कॅमेऱ्यावर होतं का, की नवा घ्यायचा?

होतं, पण सोशिकपणा लागतो. डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर सिलिकॉनचा, त्याला साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंत दिसतं. रंग बिघडू नयेत म्हणून कंपनी त्याच्यापुढे इन्फ्रारेड अडवणारी काच बसवते. ती काच बरंच अडवते, सगळं नाही. किती झिरपतं ते बघायचं तर टीव्हीचा रिमोट लेन्ससमोर धरून बटण दाबा आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघा. रिमोटच्या टोकाला जांभळट दिवा ठळक लुकलुकला तर आशा आहे. मोबाइलवरही हाच प्रयोग करा. पुष्कळ फोनमध्ये मागचा कॅमेरा आंधळा आणि पुढचा थोडाफार बघणारा निघतो.

दुसरा मार्ग म्हणजे जुना कॅमेरा कायमचा बदलून घेणं. सेन्सरपुढची ती काच काढून तिथे इन्फ्रारेड फिल्टर बसवतात. मग हातात धरूनही फोटो निघतो. हे काम घरी पेचकस घेऊन करू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरचा झटका जबर बसतो, आणि सेन्सरवर धूळ बसली की ती जन्माची सोबत करते.

फिल्टर कोणता घेऊ?

७२० नॅनोमीटरचा, म्हणजे त्याच्या अलीकडचा दिसणारा प्रकाश अडवून पुढचा इन्फ्रारेड आत सोडणारा. होया कंपनीचा आर ७२ हा त्यातला सगळ्यांना माहीत असलेला. डोळ्याला तो जवळजवळ काळा दिसतो, उन्हाकडे धरला तर गर्द तांबडा. ८५० नॅनोमीटरचा घेतलात तर आकाश आणखी काळं, रंगाची भानगडच नाही, चित्र थेट कृष्णधवल; पण साध्या कॅमेऱ्यावर इतका कमी उजेड पोचतो की हाल होतात. तो बदललेल्या कॅमेऱ्यालाच शोभतो. नाव नसलेले स्वस्त फिल्टर मी दोन घेतले, त्यातला एक चक्क गडद लाल काच निघाला.

फोटो काढायची नेमकी पद्धत सांगा ना.

तिवई हवीच. आधी फिल्टर न लावता चौकट ठरवा, फोकस करा आणि फोकस मॅन्युअलवर टाका. मग लेन्सला धक्का न लावता फिल्टर चढवा. आरशाच्या कॅमेऱ्यात फिल्टर लावल्यावर व्ह्यूफाइंडरमधून काही म्हणजे काही दिसत नाही. घाटावर एक आजोबा बराच वेळ माझ्याकडे बघत होते. शेवटी राहवेना, म्हणाले, "काय ओ, काच तर डांबरागत काळी लावलीय, त्यातनं दिसतंय काय तुमाला?" मी म्हटलं, "मला काही नाही दिसत आजोबा, कॅमेऱ्याला दिसतं." त्यांनी मान हलवली आणि पायऱ्या चढून गेले. पटलं नसावं.

आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००, अ‍ॅपर्चर एफ ८ (लेन्सचं छिद्र; आकडा जितका मोठा, छिद्र तितकं बारीक), लख्ख ऊन: माझ्या न बदललेल्या कॅमेऱ्यावर १० ते ३० सेकंद लागतात. बदललेल्या कॅमेऱ्यावर याच उन्हात सेकंदाचा अडीचशेवा भाग पुरतो. तीस सेकंदांत पुलावरच्या मोटरसायकली गायब होतात, नदी काचेसारखी सपाट होते, आणि वारा असेल तर बाभळीच्या जागी पिंजलेला कापूस येतो. कुणाला तो आवडतो, मला ऊस नीट दिसलेला आवडतो, म्हणून मी वारा पडायची वाट बघतो. उजेड आत शिरू नये म्हणून व्ह्यूफाइंडर काळ्या फडक्याने झाका.

आणि तिवई कशावर उभी आहे ते बघा. पहिल्या वर्षी मी पूर ओसरल्यावरच्या गाळात ती रोवली. वरून सुकलेला, भेगा पडलेला गाळ, मस्त टणक वाटला. घरी येऊन बघतो तर सगळे फोटो वरून खाली पुसल्यासारखे. प्रत्येक तीस सेकंदांत तिवई केसभर खाली बसत होती. आता पिशवीत बरणीची तीन झाकणं असतात, पायांखाली ठेवायला. पुलावर उभं राहून काढायचा विचार असेल तर तोही सोडा: एक ट्रक गेला की कठडा थरथरतो.

फोकस केला तरी फोटो मऊ, म्हणजे धूसर, का येतो?

इन्फ्रारेड किरण लेन्समधून थोड्या वेगळ्या जागी एकत्र येतात. जुन्या लेन्सवर त्यासाठी तांबडा ठिपका किंवा रेघ असते. नेहमीचा फोकस करून ते अंतर त्या खुणेवर सरकवायचं. नव्या लेन्सवर ही खूण बहुधा नसते. मग लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, फिल्टर लावूनच चित्र मोठं करून कमानीची कड बघा. एफ ११च्या पुढे जाऊ नका. तरंगलांबी जास्त असल्याने छिद्र बारीक केलं की इथे चित्र लवकर मऊ पडतं.

मधोमध पांढरा गोल डाग येतोय, कॅमेरा बिघडला का?

कॅमेरा ठीक आहे, लेन्स दोषी आहे. काही लेन्सच्या काचांवरचे थर आणि आतला काळा रंग इन्फ्रारेडला चकाकतात. याला हॉटस्पॉट म्हणतात. छिद्र जितकं बारीक, डाग तितका ठळक. महागडी लेन्स नापास होते आणि कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स पास होते, असंही घडतं. एफ ५.६, ८ आणि ११ वर भिंतीचा एकेक फोटो काढून पाहा, लगेच कळेल.

फोटो लालभडक येतो. कृष्णधवल कधी करायचा?

रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येच काढा. व्हाइट बॅलन्स (पांढरं कशाला धरायचं ते कॅमेऱ्याला सांगणारी सोय) उन्हातल्या हिरव्या गवतावर सेट केलात तर कॅमेऱ्याच्या पडद्यावरच लाली जाऊन चित्र समजायला लागतं. पुष्कळ सॉफ्टवेअरचं रंगतापमान २००० केल्विनच्या खाली उतरत नाही आणि लाली तशीच राहते. पण आपल्याला कृष्णधवलच करायचंय, तेव्हा त्यापायी जीव जाळू नका.

७२० नॅनोमीटरच्या फोटोत लाल, हिरवा आणि निळा या तीन चॅनलपैकी (रंगांच्या थरांपैकी) सगळ्यात जास्त माहिती लाल चॅनलमध्ये असते. निळा आणि हिरवा दाणेदार असतात, त्यांना बाजूला ठेवा. काढतानाही लाल चॅनलचा हिस्टोग्राम (उजेड कुठे किती ते दाखवणारा आलेख) बघा, कारण झाडं आधी तिथेच जळतात. मग कर्व्ह (उजळ-गडद कमीजास्त करणारी रेघ) लावा. इथेच बहुतेकांचा तोल जातो: आकाश डांबर, झाडं खडू आणि मधलं सगळं नाहीसं. दगडाच्या सांध्यातला चुना आणि दगड वेगळे दिसेनासे झाले की समजा कॉन्ट्रास्ट जास्त झाला. मी नजर पुलावर ठेवतो आणि झाडांना जे व्हायचं ते होऊ देतो.

जुन्या फोटोंत पांढऱ्याभोवती पाझरणारं तेज दिसतं. ते कोडॅकच्या एचआयई या इन्फ्रारेड फिल्मचं वैशिष्ट्य, कारण तिच्या पाठीला उजेड शोषणारा थर नव्हता आणि प्रकाश मागून परतून पसरायचा. संगणकावर त्याची नक्कल करता येते. फुलांना ती शोभते, दगडी कमानीला नाही.

फिल्म अजून मिळते का?

एचआयई २००७ साली बंद झाली. आता रोलाय इन्फ्रारेड ४०० आहे, साधारण ८२० नॅनोमीटरपर्यंत बघणारी. इल्फर्ड एसएफएक्स २०० सुमारे ७४० पर्यंतच जाते, त्यामुळे परिणाम सौम्य. रोळ भरताना-काढताना अंधारी जागा शोधा.

हे कपड्यांच्या आरपार दिसतं म्हणतात, खरं का?

१९९८ साली सोनीच्या हँडीकॅममधल्या नाइटशॉट, म्हणजे अंधारात इन्फ्रारेडने चित्रण करायच्या सोयीवरून हा गदारोळ झाला. काही पातळ कृत्रिम कापडांतून थोडंफार झिरपतं, इतकीच त्यातली गोष्ट. घाटावर लोक अंघोळीला, पूजेला येतात, तेव्हा कॅमेरा कुठे वळवायचा याचं भान इन्फ्रारेड असो वा नसो, हवंच. लांबून चौकटीत आलेल्या माणसांचं काय होतं ते सांगतो: कातडी मेणासारखी होते, डोळे काळेभोर, आणि काळी पॅन्ट कधी कधी पांढरट येते, कारण बरेच काळे रंग इन्फ्रारेडला काळे नसतात.

परवानगी लागते का?

जिथे फोटोला मनाई असल्याचा फलक आहे, तिथे कॅमेरा बाहेर काढू नका. धरण आणि रेल्वेपूल यांच्या आसपास आधी विचारलेलं बरं. तिवई आणि काळी काच बघून लोकांना संशय येतो, हे धरूनच चाला; मी मोबाइलमध्ये दोन-तीन तयार फोटो ठेवतो, ते दाखवले की विषय मिटतो. ड्रोनला २०२१चे नियम आहेत, उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा कोणत्या रंगात येते ते बघा.

रेल्वे रुळांवरून चालत जाणं गुन्हा आहे. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे खास दूधसागरला जाणाऱ्यांसाठी.

दुसरे कोणते पूल सुचवाल?

दूधसागरचा रेल्वेपूल अर्थातच: मागे धबधबा, भोवती गच्च रान, सगळंच पांढरं, म्हणून मधला पूल जपून उठवावा लागतो. रत्नागिरीजवळचा कोकण रेल्वेचा पानवल नदीवरचा पूल ६० मीटरहून उंच आहे. काँक्रीटचे सरळसोट खांब आणि खाली झाडी. कसारा घाटातला एहेगावचा जुना पूलही चांगला. खंडाळ्याचा अमृतांजन पूल १८३०चा होता. २०२०च्या एप्रिलमध्ये तो पाडला आणि माझा राहून गेला. तेव्हापासून मी "पुढच्या वर्षी काढू" म्हणत नाही.

हे सगळं एडिटिंगनेच केलं नाही कशावरून?

हिरव्याचं पांढरं करणारे फिल्टर अ‍ॅपमध्ये मिळतात. पकडायचं कसं? हिरव्या पण जिवंत नसलेल्या वस्तू शोधा: हिरवं रंगवलेलं लोखंडी गेट, हिरवी ताडपत्री. अ‍ॅप त्यांनाही पांढरं करतं. खऱ्या इन्फ्रारेडमध्ये बरेच हिरवे रंग पानाबरोबर उजळत नाहीत. रंगवलेली झाडी खरी झाडी म्हणून खपवणारी लष्करी ठाणी हवेतून ओळखायला हीच युक्ती वापरली गेली. आपले उपग्रह पिकांची तब्येत बघतात तीही लाल आणि इन्फ्रारेड यांची तुलना करूनच.

सुंदर दिसतं हे खरं, पण याचा काही उपयोग?

मी उपयोगासाठी करत नाही. तरी एक सांगतो. दगडी पुलाच्या सांध्यात पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचं बी पडतं, रोप धरतं आणि मुळं चिरे सरकवायला लागतात. करड्या दगडावर, सावलीत, ते चार पानांचं रोप डोळ्याला दिसत नाही. इन्फ्रारेडमध्ये ते दिव्यासारखं पेटतं. गेल्या ऑक्टोबरातला एक फोटो घरी मोठा करून बघितला, तर पुलाच्या अंगावर अकरा पांढरे ठिपके निघाले. दुसऱ्या दिवशी दुर्बीण घेऊन त्याच जागी उभा राहिलो. चारच सापडली.